सुपलीतल्या शेवटच्या दोन चिठ्ठ्या

रतनबाई पाटोळ्यांचे अक्षर सुंदर होते. अंगणवाडीच्या फळ्यावर त्यांनी काढलेला ‘क’ पाहून बोरवाडीतली दोन पिढ्यांची पोरे ‘क’ गिरवायला शिकली. लग्नपत्रिकांवर नावे घालायला माणसे त्यांच्याकडेच येत. आणि बावीस वर्षे, दर डिसेंबरात, चर्चच्या मंडळीच्या वचनचिठ्ठ्या त्याच लिहीत.

बोरवाडी काष्टीपासून सहा किलोमीटरवर. तिथे तीसेक ख्रिस्ती घरे आहेत आणि एक पत्र्याचे चर्च. एक जानेवारीला सकाळची उपासना संपली की एका सुपलीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या फिरवतात. प्रत्येकाने एक उचलायची. आत पवित्र शास्त्रातले एक वचन असते. ते त्या माणसाचे वर्षभराचे वचन. चिठ्ठी शास्त्राच्या पानात जपून ठेवायची. ती फाडायची नाही, टाकायची नाही, चुलीत तर मुळीच घालायची नाही.

बन्सी टेलरला एका वर्षी उदार हाताने द्या, असे वचन आले. पुढच्या वर्षीही तेच. तो उठून पाळकांना म्हणाला, “पाळकसाहेब, बदलून मिळंल का?” त्यावर चर्चमध्ये जो हशा पिकला, त्याची आठवण अजून निघते. पण त्याने त्या वर्षी चर्चला सतरंजी दिली. चिठ्ठीचे बळ असे होते.

सुपली धरायचा मानही रतनबाईंचाच होता.

त्यांना दुसरी एक ओळख होती. त्या काळजी करत. तशी सगळीच माणसे करतात. रतनबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांची मुलगी एंजेला नगरला एका दवाखान्यात नर्स होती, तिथेच खोली घेऊन राही. तिला दिवसातून आठ-दहा फोन जात. उचलला नाही तर तिच्या मैत्रिणीला, राजनंदिनीला. तिनेही उचलला नाही तर दवाखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला. त्याचा नंबर रतनबाईंनी गोड बोलून मिळवला होता. इकडे फोन वाजला की पहिल्याच रिंगला त्या झडप घालत. हात पिठाचे असोत, भांड्याच्या राखेचे असोत. दोन मोबाईल असेच बाद झाले.

“अगं, कणीक मळून खातीया का मोबाईल?” शेजारच्या छबूबाई म्हणत. छबूबाई वयाने थोरल्या, तोंडाने फाटक्या, आणि दुखल्याखुपल्याला सगळ्यांत आधी धावणाऱ्या.

रतनबाई हसण्यावारी नेत. खरे कारण त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

त्यांचे मालक अब्राहाम साखर कारखान्यात कामाला होते. एंजेला नऊ वर्षांची असताना ते लूनावरून दौंडला गेले आणि येताना ट्रकखाली सापडले. त्या दिवशी रतनबाई बायकांच्या मेळाव्याला श्रीगोंद्याला गेल्या होत्या. दिवसभर गाणी, जेवण, हसणे. संध्याकाळी निरोप आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आज दिवसभरात एकदाही मालकांची आठवण झाली नाही. एकदाही नाही. तेव्हापासून त्यांच्या मनाने एक हिशोब पक्का धरला. मी काळजी केली नाही, म्हणून माणूस गेला. आता पोरीवरची नजर हलता कामा नये.

प्रार्थना त्या रोज करत. पण देवाच्या हाती सोपवून उठणे त्यांना जमत नसे. सोपवत आणि तिथेच दाराशी उभ्या राहत, तो नीट सांभाळतो की नाही हे बघत.

एंजेलाने जर्मन शिकायला घेतले ते आधी कुणाला कळले नाही. ती आणि राजनंदिनी ड्यूटी संपल्यावर मोबाईलवर क्लास करत. दीड वर्ष केले. दोघी परीक्षा पास झाल्या. जर्मनीतल्या एका दवाखान्याचे पत्र आले. होकार जानेवारीअखेर कळवायचा होता.

रतनबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी जेवण सोडले. “माझं काय, मी राहीन,” एवढे म्हणून भिंतीकडे तोंड करून पडल्या. नाताळाच्या सुट्टीचे चार दिवस घरात हेच चालले. शेवटी एंजेला उशाशी येऊन बसली.

“आई, मी देवावर सोडलंय. एक तारखेला जे वचन येईल, ते माझं उत्तर. जा म्हणालं तर जाईन. थांब म्हणालं तर थांबेन. पण तोवर तू एक शब्द बोलायचा नाहीस.”

“न्हाई बोलत,” रतनबाई म्हणाल्या.

आणि त्या बोलल्या नाहीत.

एकतीस तारखेच्या दुपारी त्या जुन्या कॅलेंडरचे जाड कागद कापून बसल्या. दरवर्षी यादी ठरलेली. पंच्याण्णव वचने, पंच्याण्णव चिठ्ठ्या. या वर्षी त्यांनी त्र्याण्णव लिहिल्या. मग शास्त्र उघडून स्तोत्रांत बोट फिरवत राहिल्या. हवे ते सापडले. देवावर भाव ठेव, चांगले करीत जा आणि आपल्या देशात राहा, अशा अर्थाचे. ते त्यांनी लिहिले. झोकदार, वळणदार. मग दुसरा कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहिले.

एंजेला पेटी वाजवे. सुपली फिरून होईपर्यंत पेटी थांबायची नाही, असा रिवाज. त्यामुळे ती चिठ्ठी शेवटी घेई. तिच्यासोबत रतनबाई. दरवर्षी सुपलीत दोनच उरत, एक पोरीची, एक आईची. दोन्हींवर एकच लिहिलेले असले, तर ती कुठलीही उचलो.

सुपली फिरताना त्या दोन चिठ्ठ्या रतनबाईंच्या अंगठ्याखाली होत्या. लोक पुढच्या बाजूने उचलत गेले. हात थरथरला नाही. पुढे त्यांना सगळ्यांत जास्त लाज याचीच वाटली.

एंजेलाने चिठ्ठी उघडली. वाचली. पुन्हा वाचली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले, दिव्याची वात खाली करावी तसे. मग ती हसली.

“थांब म्हणाला,” ती म्हणाली. “आई, तुझं काय आलं?”

रतनबाईंनी चिठ्ठी मुठीत दाबली. “उद्याची काळजी करू नको, असं आलंय.”

छबूबाईंनी ऐकले आणि टाळी वाजवली. “बघा गं! देवाला बराबर घर ठाव हाय!”

सगळे चर्च हसले. एंजेलाही हसली. तिने आईला मिठी मारली आणि साक्ष द्यायला उभी राहिली. मला उत्तर मिळालं, मी समाधानी आहे, असे सांगितले. एका म्हातारीने डोळे पुसले.

पोरगी राहिली. रतनबाईंना वाटले होते, आता झोप लागेल. झोप गेली ती गेलीच.

त्या दिवसापासून त्या बोरवाडीत ‘काळजी नको’वाल्या बाई झाल्या. कुणाचे पोर आजारी पडले, कुणाची म्हैस अडली, की बायका येत. “रतनबाई, तुमचं वचन सांगा.” त्या सांगत. बायकांना बरे वाटे. रतनबाई मात्र घरात येऊन पुन्हा फोन लावत. फोन आठ-दहाचे पंधरा झाले. पोरगी इथेच होती, तरी भीती कमी झाली नव्हती. त्या भीतीला फक्त लपायला एक जागा जास्त झाली.

आपल्या वाट्याची खोटी चिठ्ठी कुठे ठेवायची, हाही प्रश्नच होता. जाळता येत नव्हती. तिच्यावरचे वचन तर खरे होते. शास्त्रात ठेवली तर हाताला लागे. तांदळाच्या डब्यात ठेवली, तर भात लावताना दिसे. शेवटी ती ब्लाऊजमध्ये राहू लागली.

एप्रिलात राजनंदिनी जर्मनीला गेली. तिचे फोटो येत. एंजेला ते आईला दाखवी. “बघ, हिच्या खिडकीतून नदी दिसते.” आवाजात कडवटपणा नसे. तो असता तर सोपे गेले असते.

जुलैतल्या एका शुक्रवारी बायकांच्या सभेत पाळक म्हणाले, “आज रतनबाई आपल्या वचनावर बोलतील.” पाळकांचे नाव सहादेव गायकवाड. तरुण माणूस, मोटरसायकलवर तीन गावे सांभाळणारा.

रतनबाई उभ्या राहिल्या. समोर बारा बायका. छबूबाई पुढे, डोक्यावर पदर, ऐकायला तयार. रतनबाईंनी शास्त्र उघडले. परत मिटले.

“बोल की गं,” छबूबाई म्हणाल्या. “आमच्याम्होरं कसली लाज?”

“मला नगरला जायचंय,” रतनबाई म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. घरून फक्त डबा उचलला. त्यात सकाळचे धपाटे होते.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली एक बाकडे आहे. वॉचमनने निरोप दिला तशी एंजेला जिना उतरून पळतच आली. गणवेशावर हात दाबलेला, चेहरा पांढराफटक.

“कोण गेलं?”

रतनबाईंना एकदम काही कळले नाही. मग कळले. आई फोन न करता आली, म्हणजे कुणीतरी गेले असणार. हे पोरीला कुणी शिकवले होते?

“कोनी न्हाई गेलं. बस.”

“मग? फोन न करता आलीस? तू?”

“फोनवर सांगन्यासारखं न्हाई.”

त्यांनी चिठ्ठी काढून बाकड्यावर ठेवली. घामाने मऊ झालेली. एंजेलाने वाचली.

“ही माझी. तुझ्याकडं कशी?”

“तुझी तुझ्याकडंच असंल. ही माझी.”

एंजेलाने गळ्यातले ओळखपत्र उलटे केले. त्याच्या प्लास्टिकच्या खिशात, मागच्या बाजूला, चिठ्ठी होती. तिने ती काढून शेजारी ठेवली. एकच अक्षर. एकच शाई. एकच वळण.

“तुला तर काळजी करू नको असं आलं होतं.”

“ते मी तोंडानं म्हनले.”

लिंबावरून एक कावळा उडाला. कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेले.

“दोन्हीवर तूच हे लिहिलंस.”

“व्हय.”

“मुद्दाम.”

“व्हय.”

एंजेला रडली नाही. तिने दोन्ही चिठ्ठ्या सारख्या करून मांडल्या, जशी औषधे मांडतात.

“सहा महिने मी हे वाचून ड्यूटीवर जाते, आई. राजनंदिनीचा फोटो आला की वाचते. रोज.”

रतनबाई पदराचे टोक पिळत राहिल्या.

“तू मला पेटीवरून उठवून सगळ्यांसमोर म्हणाली असतीस ना, जायचं नाही म्हणून, तर मी भांडले असते तुझ्याशी. चार दिवस बोलले नसते. पण देवाशी कशी भांडणार होते मी?”

“चुकले मी.”

“हो.” ती उठली. दोन्ही चिठ्ठ्या तिने घेतल्या. “जा आता. माझा राउंड आहे.”

“धपाटे…”

ती जिना चढून गेली होती.

एसटीत रतनबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. डबा भरलेला होता आणि जड लागत होता. शेजारच्या बाईने विचारले, “माहेरून का?” त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

रविवारी त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि सांगून टाकले. आडपडदा ठेवला नाही. सतरंजीची वीण बघत सांगितले. संपले तेव्हा पत्र्यावर चालणाऱ्या चिमण्यांची नखे ऐकू आली.

मग बन्सी टेलर म्हणाला, “म्हंजे माझी चिठ्ठी पन दोनदा तूच घातली व्हतीस व्हय गं?”

लोक हसले. हसण्यात राग नव्हता. रतनबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिव्या दिल्या असत्या तर निदान शिक्षेचे माप तरी पुरे झाले असते.

उपासनेनंतर पाळक त्यांच्याजवळ सतरंजीवरच बसले. रतनबाईंनी तेव्हा पहिल्यांदा दौंडच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. मेळावा, गाणी, दिवसभर न आलेली आठवण. सगळी.

पाळकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“बाई, त्या दिवशी तुम्ही विसरलात. देवही विसरला होता, असं वाटतं तुम्हाला?”

“मग नेलं कशाला त्यानं?” रतनबाई एकदम चवताळून म्हणाल्या. सतरा वर्षांत हे त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

“ते मला माहीत नाही,” पाळक म्हणाले. “खोटं नाही सांगत. पण तुमच्या विसरण्यानं ते गेले नाहीत. तुमच्या पहाऱ्यानं एंजेला जगत नाही. एवढं मी चर्चमध्ये बसून सांगतो.”

रतनबाई घरी आल्या त्या पाळकांवर रागावूनच. राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पीठ मळताना त्यांचा हात फोनकडे गेला आणि त्या थांबल्या. “ही तुझी,” असे म्हणाल्या. देवाला. एवढीच प्रार्थना. लांबलचक प्रार्थनेत त्यांचे मन पळवाटा काढी, म्हणून आखूड. हात परत पिठात घातला. त्या दिवशी हे दोनदा जमले. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केलाच.

एंजेलाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉचमनला फोन करायचा नाही, असे रतनबाईंनी स्वतःला बजावले. मग तिलाही करायचा सोडला. छबूबाईंशी तिचे बोलणे होई. त्या संध्याकाळी दारातून ओरडून सांगत, “हाय गं, हाय. जेवली. आज मेथी केल्ती म्हनं.”

एकवीस दिवस असे गेले. एकवीस दिवस रतनबाईंनी पहारा दिला नाही, आणि पोरगी एकवीस दिवस जिवंत होती. हे त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून पाहिले. दिलासा वाटला. मागोमाग लाज वाटली. इतकी वर्षे कुणाच्या जागी उभी होते मी?

बाविसाव्या दिवशी फोन आला.

“मी जर्मनीसाठी पुन्हा नाव दिलंय. जानेवारीत निघायचं.”

“बरं.”

“बरं? एवढंच?”

“लई म्हनावंसं वाटतंय. म्हनत न्हाई.”

मग एंजेला म्हणाली, “छबूमावशी म्हणत होती, तुझा मोबाईल कोरडा असतो हल्ली.” आणि ठेवून दिला.

डिसेंबर आला. रतनबाई पाळकांना म्हणाल्या, या वर्षी चिठ्ठ्या दुसऱ्याला द्या. पाळक म्हणाले, “अक्षर तुमचंच चांगलं आहे. लिहा. सुपली मात्र छबूबाई धरतील.” ते हसत नव्हते. रतनबाईंनी पंच्याण्णव वचने लिहिली, पंच्याण्णव वेगळी.

एक तारखेला छबूबाई सुपली घेऊन फिरल्या, दोन्ही हातांनी, हात लांब करून, जणू आत विंचू आहे. रतनबाई बायकांत खाली बसल्या होत्या. सुपली पेटीपाशी गेली. एंजेलाने मान हलवली. पेटी थांबली नाही.

“घे की गं,” छबूबाई कुजबुजल्या.

एंजेला वाजवत राहिली. सुपलीत एक चिठ्ठी तशीच उरली. सगळ्यांनी ती पाहिली. रतनबाईंनी डोळे खाली घातले. जर्मनीला जायची वाट पोरीला परत मिळाली होती. चिठ्ठीवरचा भरवसा परत मिळाला नव्हता, आणि तो देणे रतनबाईंच्या हातात नव्हते.

त्यांची स्वतःची चिठ्ठी त्यांनी घरी जाऊन उघडली. विमानाबद्दल, परदेशाबद्दल, राखण करण्याबद्दल काही निघेल, अशी आशा होती. आत होते, पाहुणचार करायला विसरू नका.

“म्हंजे मला च्या पाजायचा वर्षभर,” छबूबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. बॅगा चढल्या. एंजेला आईच्या पाया पडली. रतनबाईंच्या जिभेवर पन्नास सूचना होत्या. स्वेटर, पासपोर्ट, अनोळखी माणसे. त्यांनी सगळ्या गिळल्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनात म्हणाल्या, ही तुझी.

एंजेलाने पर्समधून एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मऊ झालेली.

“ही तुझी ठेव. माझी मी नेतेय.”

“कशाला नेतीस? खोटी हाय ती.”

“सुपलीत घालणं खोटं होतं, वचन नाही. तू शेवटचंच वाचलंस, आई. सुरुवात वाच. तूच लिहिलीयेस, दोनदा.”

जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर रतनबाईंनी वाचले. देवावर भाव ठेव. इतके वळणदार लिहिले होते, आणि लिहिताना डोळा पुढच्या ओळीवर होता. देशात राहायचे होते ते त्यांनाच. राहायचे, आणि भाव ठेवायचा. पायरीवर बसून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

दुसऱ्या दिवशी विमान सकाळी उडणार होते आणि आपल्या वेळेने चारच्या सुमारास उतरणार होते. “मी करीन फोन,” एंजेला म्हणाली होती. “तू करू नकोस.” रतनबाई अंगणवाडीत गेल्या. पोरांना गाणे शिकवले. घरी आल्यावर दोन पाट्या घेवडा मोडला. भीती होतीच. तिच्यासकट त्या काम करत राहिल्या. जितक्या वेळा हात फोनकडे गेला, तितक्या वेळा तेच दोन शब्द म्हणाल्या. मोजले नाहीत.

साडेतीनला त्यांनी छबूबाईंना हाक मारली. चहा झाला. चार वाजले. साडेचार. छबूबाई बघत होत्या, रतनबाई कपबशा विसळत होत्या.

कट्ट्यावर फोन वाजला.

“अगं, उचल! वाजतोय!” छबूबाई अर्ध्या उठल्या.

रतनबाईंनी आधी हात पुसले.